वळणावरून काय दिसतं

प्रिय गडबडे,

टक्, टक्, टक्, आणि त्यावर एक बारीक नाकातली गुणगुण. मी बसगाड्यांच्या सीट शिवायचो त्या शेडमध्ये तुझा नवरा लहानपणी शाळा सुटली की थेट यायचा, एखाद्या रिकाम्या सांगाड्यात बसायचा आणि माझ्या हातोडीच्या ठेक्यावर कविता पाठ करायचा. माझ्या ओठांत बारीक खिळे धरलेले असत, त्यामुळे तोंडानं काही सांगता यायचं नाही. शब्द चुकला की मी हातोडी थांबवायचो. मग तो एक ओळ मागे जायचा आणि पुन्हा सुरू. त्या गुणगुणीवरूनच त्याचं नाव भुंग्या पडलं. सगळ्यात लाडकी कविता डोंगरांची. मी शाळेत असतानाही तीच होती, त्याच्या पुस्तकातही तीच. तिच्यात उत्तरेचे पहाड म्हणजे पांढरी शाल पांघरून आभाळाशी गप्पा मारत बसलेले म्हातारे. मी ती कविता नुसती म्हणायचो. तो त्या म्हाताऱ्यांना भेटायला जायचं म्हणायचा, कोपऱ्यावरच्या दुकानात जावं तितक्या सहज.

आज सकाळपासून तो आवाज कानात आहे, आणि आत बाकी काही नाही. उद्या पहाटे निघायचं. सामान जिन्याजवळ रचून ठेवलंय: लोकरीचे कपडे, दोन थर्मास, औषधांचा डबा, बर्फ लागला तर चाकांना बांधायच्या साखळ्या. गाडी गॅरेजवाल्याकडून आणली; चालवायला टॅक्सीवाला ठरवला होता. त्यानं ब्रेक पाहिले, पट्टा बदलला, बॅटरी नवी बसवली, आणि किल्ली हातात देताना म्हणाला, काका, गाडीला धाड भरलेली नाही, तुमचंच एकदा इंजिन उघडून घ्या. सगळे हसले. मीही हसलो असणार, कारण त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. पण गडबडे, खरं सांगू? पाय खूप वेळ मुडपून बसलं की तो आपला वाटत नाही, हात लावला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसा मी दोन वर्षं सगळाच्या सगळा झालोय. मुंग्या यायला लागल्या की बरं वाटेल म्हणतात. त्या काही येत नाहीत.

तुला माहीत आहेच, पण लिहितो, कारण लिहिलं की मला खरं वाटतं. त्या उत्तरेच्या पहाडाखालून नवा बोगदा तयार झालाय. यंदाचा बर्फ पडला की खिंडीतला वरचा रस्ता बंद होणार, तो कायमचाच. पुढच्या वर्षी तिकडे कुणी दरड उपसणार नाही, कुणी कठडा बांधणार नाही. त्याची गाडी ज्या वळणावरून खाली गेली, ते वळण डोंगर परत घेऊन टाकेल. आपल्याकडे त्याला आणलं तेव्हा पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलं. ती जागा आपल्यापैकी कुणीच पाहिली नाही. आणि तुझ्या सासूबाईंचा गेली दोन वर्षं एकच प्रश्न: तिथून काय दिसतं? भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मधेच हात थांबवून विचारते. तिथून काय दिसतं हो? नदी दिसते का? झाडं असतील का पिवळी? त्याच्या डोळ्यांसमोर शेवटी काहीतरी चांगलं होतं की नुसता दगड, एवढंच तिला पाहायचंय. मी काय सांगणार? मला कवितेतले म्हातारे तेवढे ठाऊक.

म्हणून मी गेला महिनाभर तिच्यासाठी गाडीची पुढची सीट नव्यानं बांधली. तिचं डावं खुब्याचं हाड दुखतं, ती तिरकी बसते, म्हणून त्या बाजूला स्पंजाचा एक जादा थर, पाठीला उशी, आणि वर जुन्याच रंगाचं कापड, नाहीतर म्हणाली असती, हे कोणाच्या लग्नाला सजवलंय? शेडमध्ये आम्ही दाबलेला स्पंज वर आला नाही की म्हणायचो, बसला, आता फेका. शिवता शिवता मला वाटलं, मला कोणी असा दाबून बघितला तर कारागीर काय म्हणेल? ही मागे उभी होती. म्हणाली, एकटीनं किती रडायचं मी, तुमच्या वाटचंही? मी सुईत दोरा ओवत राहिलो. ती माझ्याजवळ चहा ठेवून गेली. रागावलेली असली की ती साखर जास्त घालते.

गेल्या रविवारी तू आलीस. नेहमी वाऱ्यासारखी येतेस, चप्पल एकीकडे, पर्स दुसरीकडे, लॅबमधल्या रक्ताच्या नळ्यांच्या गोष्टी ऐन जेवणाच्या वेळी. त्या दिवशी मात्र पर्स मांडीवर घट्ट धरून बसलीस. जेवलीस चिमणीएवढं. घासलेली भांडी पुन्हा घासलीस. म्हणालीस, बाबा, मला यायला जमणार नाही, सुट्टी नाही. आणि मग दारात उभी राहिलीस, कडीवर हात ठेवून, काहीतरी सांगायचं राहिल्यासारखी. आम्ही दोघं वाट बघत होतो. तू म्हणालीस, गाडी सावकाश चालवायला सांगा टॅक्सीवाल्याला. आणि गेलीस.

पोरी, तुझ्या सासूबाई म्हाताऱ्या आहेत, आंधळ्या नाहीत. तुमच्या दवाखान्यातला तो दातांचा डॉक्टर तुला इथे सोडायला येतो, गाडी कोपऱ्यावर लावतो आणि तू आत शिरेपर्यंत खांबाआड उभा राहतो, हे ती पावसाळ्यापासून गॅलरीतून बघतेय. तिनं त्याचं नावही ठेवलंय, दातवाला. परवा म्हणाली, दातवाला वाळलाय हो, काही खातो की नाही? मी म्हटलं, बोलाव वर. म्हणाली, मी कशी बोलावू, तिनं आधी सांगायला नको? असे आम्ही दोघं गॅलरीत आणि तुम्ही दोघं कोपऱ्यावर, चौघंही एकमेकांची मर्जी राखत बसलोय.

आता आजची बातमी. टॅक्सीवाला सकाळी आला तो कमरेवर हात ठेवून, वाकडा. उसण भरलीय, वळताही येत नाही, म्हणाला. दुसरा ड्रायव्हर इतक्या लांब, इतक्या वर यायला तयार नाही. माझ्या धाकट्या भावाला फोन केला, तो म्हणाला, दादा, फोटो मागवा कुणाकडून तरी, त्या जीवघेण्या रस्त्यावर जायचं वेड कसलं? हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि ठेवून दिला. दुपारी तिनं तुला फोन करून कळवलं. वरती बर्फाचा अंदाज आठवड्याच्या आतला आहे. तेव्हा मीच चालवणार. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू आहे, समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं. हिला हे माहीत आहे. तरी ती साखळ्या पुसत बसली. आणि मला भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. हेच मला बरं वाटत नाहीये.

म्हणून हे पत्र, आजच. तू जे दारात उभी राहून सांगितलं नाहीस, त्याला आमचं हो आहे. दोघांचंही. आमच्या परत येण्याची वाट बघू नकोस, कारण मी कसा चालवीन ते मला माहीत नाही, आणि आमच्या जाण्याचं आणखी एक ओझं घेऊन तू बसशील, मग त्या भल्या माणसाला खांबाआड केस पिकवावे लागतील. त्याला हो म्हण. भुंग्याची तू कोण होतीस ते कुणी काढून घेणार नाही. तू आमची सून होतीस तशी लेक राहा, आणि लेकीसारखी जा. हे तोंडानं सांगायला हवं होतं, पण तोंडानं सांगताना माझ्या चेहऱ्यावर काहीच हललं नसतं आणि तुला ते खोटं

थांब. बेल वाजली. उसणवाला असेल.

नाही, तो नाही. दातवाला आहे. दारात उभा, खांद्यावर पिशवी, इथल्या उकाड्यात डोक्यावर लोकरीची टोपी. हिनं दार उघडलं. मग तो एका दमात म्हणाला, काकू, मी डोंगरातच वाढलोय, वडिलांची जीप होती, दवाखान्यातून रजा घेतलीय, तुम्हाला तिथवर नेतो आणि परत आणतो, चालेल का? हिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, तिनं पाठवलं? तो म्हणाला, नाही, तिला माहीत नाही, ती दुपारी नळ्या धूत रडत होती, ड्रायव्हर नाही म्हणाली, म्हणून आलो. ही म्हणाली, मग आधी तिला फोन लाव. या घरातून त्या रस्त्याला आता कुणी न सांगता निघायचं नाही.

तो अजून दारातच उभा आहे, मोबाइल कानाला लावून. पलीकडे रिंग वाजतेय, मला इथपर्यंत ऐकू येतेय. माझ्या हाताला मुंग्या येतायत, अक्षर बघ कसं आलंय. उचल ना, पोरी.

तुझेच,
बाबा