कूस बदलली

६ जानेवारी
आजपासून नवं काम. पिंपळे सौदागरच्या सोसायटीत, सातव्या मजल्यावर. अण्णासाहेबांना अर्धांगवायू झालाय. बोलता येत नाही, हलता येत नाही, पण कळतं सगळं. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. त्यांची लेक सुखदाताई सकाळी आठला हिंजवडीच्या कॅबमध्ये बसते, ती संध्याकाळी साडेसातला परत. तोवर घर माझ्यावर. दर दोन तासांनी कूस बदलायची, चमच्यानं पाणी पाजायचं आणि वहीत वेळ लिहून खूण करायची. हे मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. बायकोला, वर्षालीला, फोन करून सांगितलं की इथं ऊन येतं, माणसं चांगली आहेत. तिनं एवढंच विचारलं, मोबाइलमधला गेम काढून टाकलाय ना. काढलाय म्हणालो, आणि खरंच काढला होता.

९ जानेवारी
दुपार सरत नाही. गेम परत टाकला. चाकणच्या कंपनीत मी संडासात बसून किल्ला लढवत होतो, तिकडे लाइन बंद पडली, नोकरी गेली. तरी खेळ वाईट नाही. धान्य किती साठवायचं, कुठली खिंड रोखायची, कुणाशी तह करायचा, डोकं लागतं. आज अण्णासाहेबांना दाखवला. ते कारखान्यात टूलरूमला होते, बुद्धिबळ खेळायचे. घोडदळ उत्तरेकडून धाडू का, विचारलं. दोनदा पापणी. दक्षिणेकडून? एकदा. जिंकलो! त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मला कुणी इतक्या दिवसांत असं सोबतीला घेतलं नव्हतं.

१७ जानेवारी
आमचे आता चार किल्ले. बाराची कूस अडीचला बदलली. वहीत बाराच लिहिलं. एका दिवसानं काय होतंय.

२४ जानेवारी
आज अण्णासाहेब सारखे दोनदा पापण्या मिटत होते. मला वाटलं चाल चुकतेय, म्हणून मी चाली बदलत राहिलो. तासाभरानं लक्षात आलं, ते फोनकडे बघतच नव्हते. चादर उचलली. माकडहाडाशी बोराएवढी जखम.
ताईला सांगितलं नाही. उद्यापासून वेळेवर.

२८ जानेवारी
जखम आता वाटीएवढी. संध्याकाळचं पुसणं, डायपर मीच आधी उरकून ठेवतो, म्हणजे ताईला चादर उचलावी लागत नाही; रात्री ती चादरीसकटच कूस वळवते. वासाला अगरबत्ती. आज चहा देताना ती म्हणाली, “शेखर, तू आलास की बाबांच्या डोळ्यांत पाणी का येतं रे?”
माया लागलीय, म्हणालो. तिनं मानही डोलावली.

३० जानेवारी
सकाळी गेम काढला. अकराला परत टाकला. अण्णासाहेबांना काही विचारलं तरी आता पापणी मिटत नाही. नुसतं बघतात. मी स्वयंपाकघरात गेलो तरी पाठीवर ते डोळे —
त्यांचं तोंड भिंतीकडे केलं. वहीत लिहिलं, कूस बदलली.

१ फेब्रुवारी
अण्णासाहेबांचं अंग भाजतंय. पाणी ओठावरून ओघळतं. ताईला फोन लावायला हवा. फोन हातातच आहे, पण वेढा पडलाय, मध्येच सोडला तर सगळे किल्ले — दहा मिनिटं. फक्त दहा.

१ फेब्रुवारी, दुपारी
लावला फोन. दहा मिनिटांची किती झाली, लिहवत नाही. ताई डॉक्टरला घेऊन निघालीय. श्वास मध्येच थांबतो. परत येतो. हात धरून बस, असं ती म्हणाली. एका हातात त्यांचा हात — दुसरा —
केव्हा उघडला मी हा गेम? मी नाही उघडला —
श्वास —
बेल वाजतेय. ताई दार बडवतेय. कडी आतून आहे. उठतोच, एवढी एक चाल