जांघेतलं दुखणं तू सुनेला सांगितलंस, मला नाही

प्रिय माय,

बांबूच्या बारा कामट्या, कडा काचेनं घासून गुळगुळीत केलेल्या. काखेपासून टाचेपर्यंत पुरेल अशी सागाची फळी. सरकीच्या दोन उशा. पाऊल बाहेर वळू नये म्हणून वाळूची पिशवी. सगळं तुझ्यासाठी माझ्या हातानं केलेलं. काल मानोऱ्याकडच्या तांड्यावरून एका पडलेल्या म्हातारीला आणलं, तिचा पाय बांधायला हेच सामान काढलं आणि तू आठवलीस. म्हणून आज लिहितोय.

गोठ्यात कडबा टाकताना तू पडलीस. डावं पाऊल बाहेर वळलेलं. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोरीनं दोन्ही पाय मोजले. डावा दीड बोट आखूड. खुब्याखाली चार बोटांवर हाड करकरलं. मोड सापडली! शाळा न शिकता वीस वर्षांत हे हात तयार केले, त्याचा तेव्हाही अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

तरी विचारलं, वर आणखी कुठं दुखतं का?

"नाही रे बाप्पा. तू बांध."

गावातल्या बाया मी तपासायचो तेव्हा उशाशी तूच बसायचीस ना? लाजणारीला दटावायचीस, की वैदापुढं लाजशील तर लंगडशील, मग नवरा दुसरी करेल. बाई हसायची आणि सांगून टाकायची. स्वतःची पाळी आली तेव्हा काय झालं?

तीन आठवड्यांनीही कूस बदलताना तू दात आवळायचीस. शेवटी रेल्वेनं अकोल्याला नेलं. डॉक्टरनं यंत्रानं काढलेला हाडाचा फोटो उजेडासमोर धरला. एकाच खुब्याला दोन मोडी! खालची, मी धरलेली, बरोबर होती. दुसरी वर, हाडाच्या मानेत, सांध्याच्या आत, हाताला न लागणारी. म्हातारपणी एकाच पडण्यात क्वचित दोन्ही होतात, डॉक्टर म्हणाला. पण एक सापडली की शोधणारा तिथंच थांबतो. जांघेत दुखतं असं कधी म्हणाल्या नाहीत का, त्यानं विचारलं.

मी नाही म्हणणार, तोच मागून माझी बायको पुटपुटली, "मले सांगितलं होतं त्यायनं. पहिल्याच दिवशी. शपथ घातली होती."

पहिल्याच दिवशी, माय! घरात दोघींना ठाऊक, आणि मी एकटा कामट्या घासत बसलेलो.

परतीच्या गाडीत बाकावर निजल्या निजल्या तू म्हणालीस, "लेक होय तू माहा. वैद झाला म्हून का जांघ दाखवू तुले?" आपलं गाव येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. आठ दिवसांत तुझी छाती भरली, तू गेलीस, आणि बोलणं राहूनच गेलं. दाखव कुठं म्हणत होतो मी? नुसतं सांगायचं होतंस.

पण 'जांघ' हा शब्द माझ्याही तोंडून निघाला नव्हता. 'वर कुठं' एवढंच विचारलं होतं मी.

काल बायकोला पडद्याआड पाठवलं. तिनं म्हातारीला स्पष्ट विचारलं, दाबून पाहिलं, मगच मी बांधलं. यापुढं एक मोड सापडली म्हणून थांबणार नाही. दुसरी नाही हे बायकोच्या तोंडून ऐकल्याशिवाय गाठ मारणार नाही. हा माझा शब्द.

एक गोष्ट मीही तुला सांगितली नाही. अकोल्याला त्याच दिवशी डॉक्टरनं मला प्लास्टरच्या कामावर बोलावलं होतं. तिथं यंत्र आहे. कोणी कितीही लपवलं तरी दिसतं. पण इकडच्या म्हाताऱ्या तिथवर पोचतात कुठं? मी नाही म्हणालो. पगार महिना चांगला ऐंशी रुपये होता.

तुझा, अजून रागातच असलेला,
किसन