डाव्या हाताची चित्रं

दि. ४ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

तुमची लेक आता संग्रहालयाच्या दारात पाहुण्यांचे कोट सांभाळत नाही, तळघरात चित्रं सांभाळते! सहा वर्षं लागली, पण अभ्यासक म्हणून घेतलं एकदाचं.

एक पेच पडलाय. इथल्या एका नामवंत चित्रकाराची बारा चित्रं प्रदर्शनात लागणार आहेत. त्यातली चार मला त्याची वाटतच नाहीत. बायकोची असावीत, तीही चित्रं काढायची. पण आमच्या साहेबांनी त्याच चित्रांवर पुस्तक लिहिलंय. माझा करार मार्चअखेर संपतो, आणि करार नाही तर या देशात राहता येत नाही. जवळून काढलेले फोटो पाठवतेय. रंगाची नस तुम्हालाच कळते.

तुमची,
ठमी

दि. २७ जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले. तुझ्या आईने भिंग शोधून दिलं, वर चहा सांडू नका असा दमही दिला. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्या जोरावर सांगतो. आठ चित्रांत फटकारा डावीकडे दाट सुरू होतो नि उजवीकडे विरतो. त्या चारांत नेमकं उलटं. हात डावखुरा आहे. कोण डावखुरं होतं ते शोध.

साहेबांना चारचौघांत बोलू नकोस, एकटे गाठ. मोठ्या माणसाला चूक कबूल करायला आडोसा लागतो. परत यावं लागलंच तर घर आहे. आई म्हणते, वेळेवर जेवतेस का विचारा. विचारलं.

तुझा,
बाबा

दि. १६ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जुन्या फोटोत सापडलं! चित्रकाराची बायको डाव्या हाताने लिहितेय. साहेबांना एकटं गाठून सगळं सांगितलं. ते उठून निघूनच गेले. तीन दिवस तळघराकडे फिरकले नाहीत. मी बॅग भरायला घेतली होती. चौथ्या दिवशी खाली आले, आपलं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, यात दुरुस्ती कशी लिहायची ते तुम्हीच सांगा. करार तीन वर्षांनी वाढवलाय.

काल प्रदर्शन उघडलं. चार चित्रांखाली तिचं नाव आहे. ऐंशीच्या घरातल्या एक बाई तिथे तासभर उभ्या होत्या. त्या तिची मुलगी. मला शोधत आल्या आणि म्हणाल्या, माळ्यावर आईची आणखी एकोणीस चित्रं आहेत, आजवर कुणी विचारलंच नाही. उद्या सकाळी जातेय. साहेब विचारत होते, शिडी धरायला मी येऊ का?

आईला नमस्कार. माया अशीच राहू द्या.

तुमची,
ठमी