क्रोकॉइटचा दर्जा वाढतो आहे

१२ ऑक्टोबर
शेवटी सापडला! डंडासच्या डोंगरात, आमच्या खनिज-संग्राहक क्लबच्या खाणीच्या बोगद्यात, क्रोकॉइट या नाजूक खनिजाचा अख्खा झुबका. लालभडक काड्या, फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा पसारा. झीहानच्या खनिज-मेळ्यात 'मोठे नमुने' गटाचं पहिलं बक्षीस आता माझं. दरवर्षी ट्रेव्हर पास्को नेतो. यंदा त्याने घरी बसून चहा प्यावा. उद्या आणायचा. गाडी बायको नोला चालवणार, नमुना माझ्या मांडीवर.

१३ ऑक्टोबर
बायकोला बजावलं होतं, गाडी अलगद चालव. तिने ब्रेक दाबला. समोर वॉलबी, ते छोटं कांगारू, आली म्हणे. वॉलबी थांबली असती. निम्मा झुबका गेला. हरकत नाही. 'तळहाताएवढे' गटात खरी चुरस असते. जाणकार तिथेच उतरतात.

१६ ऑक्टोबर
घरात नियम लावले. दार आपटणे बंद. व्हॅक्युम बंद. केक फेटायचा तर शेजारी जाऊन. नोलाने विचारलं, हे घर आहे की इस्पितळ. दुर्लक्ष केलं.

१९ ऑक्टोबर
नोला शिंकली. बागेत होती, पण खिडकी उघडी होती. आता 'लहान नमुने' गट. मोठे दगड तसेही जरा भडकच दिसतात.

२० ऑक्टोबर, सकाळ
नोला बहिणीकडे बर्नीला गेली. मेळ्याच्या दिवशी येईन म्हणाली. जाताना दार अगदी हळू लावलं. नियम अंगी मुरतायत.

२४ ऑक्टोबर
पूर्ण शांतता. दगडाला उत्तम. रात्री टोस्टवर बीन्स. कालही तेच.

२७ ऑक्टोबर
आणखी काड्या गळल्या. खोलीत मी एकटाच. नोलाने बर्नीला दार आपटलं असावं. अंतर बरंच आहे, तरी शक्यता नाकारता येत नाही.

३१ ऑक्टोबर
धूळ फुंकली. हलकेच.

३१ ऑक्टोबर, दुपार
'नखाएवढे' गट. एकच काडी उरली आहे, त्यामुळे नजर भरकटत नाही. नोलाला फोन केला, फक्त तिकडचं हवामान विचारायला. तिने विचारलं, किती उरलाय? मी म्हटलं, दर्जा वाढलाय. ती बराच वेळ हसत होती. मी फोन ठेवला नाही.

७ नोव्हेंबर, मेळा
नोला थेट हॉलवर आली. माझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून नावाचं कार्ड तिने लिहिलं. नोंदणीच्या बाईंनी विचारलं, डबी रिकामी आहे का? झाकण उघडून दाखवली. बाई वाकून बघायला लागल्या आणि "अरे वा" म्हणाल्या. 'वा' जरा जोरात झालं.
नोलाने माझा दंड धरला. "मर्व्ह, झाकण लाव आता."
लावलं. डबी आणि कार्ड तसंच टेबलावर ठेवून आम्ही चहा प्यायला गेलो.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
पहिलं बक्षीस पास्कोला. पण आमच्या डबीलाही उत्तेजनार्थ फीत लागली! परीक्षकांचा शेरा: 'अक्षर अतिशय सुरेख. सोबत नमुना ठेवला असता तर बरं झालं असतं.'