ढोलकीवरची गोदू

अंबरनाथ (पूर्व),
दि. २ फेब्रुवारी २००३

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम व ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तिकडे बर्फात दोन-दोन मोजे घालून झोपतोस हे वाचून वैष्णवीला फार मजा वाटली. मामा बंदूकसुद्धा मोज्यात घालून ठेवत असेल, असं तिचं म्हणणं आहे. इकडे आम्ही सगळे ठीक. माझी बालवाडी चालू आहे, आणि तुझ्या दाजींचं उल्हासनगरचं दुकान आणि पोट दोन्ही वाढत चालली आहेत.

वाईट बातमी म्हणजे आपली गोदू गेली. मागच्या रजेत तू तिच्या शिंगांना तेल लावत बसायचास, तेव्हाच ती थकली होती. शेळीच्या मानानं खूप जगली म्हणायची. आई मरून गेलेलं ते पिल्लू आपल्या आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, म्हणून तिला आपण शेळी आहोत हे बहुधा कळलंच नाही. विहारात बायकांच्या गायन पार्टीची तालीम सुरू झाली की ही आपली ढोलकीशेजारी जाऊन बसायची. चामटोलीतली माणसं म्हणायची, सुंदराबाईची धाकटी लेक आली.

ती गेली त्या दिवशी दादा आपल्या फॅक्टरीच्या पेन्शनच्या कामाला इकडे अंबरनाथला आले होते. संध्याकाळी घरी परतले तर आईनं तिला आपल्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेलं. दादांनी स्वतः कुदळ घेऊन घरामागं खड्डा केला, तिला ठेवलं आणि त्रिशरण म्हटलं. कसायाला द्या म्हणून सांगायला आलेल्या जनूकाकाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

इथवर सगळं नीट होतं. पण आईच्या मनात वेगळंच होतं रे. त्यांच्या पार्टीच्या ढोलकीच्या तोंडावरची पुडी दिवाळीतच फाटली होती. दादा परतायच्या आधीच आईनं गोदूचं कातडं काढलं होतं; मग मीठ लावून, सावलीत वाळवून ते तुझ्या दाजींकडे दिलं होतं, आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या वाद्यवाल्याकडून त्याची पुडी करून आणायला सांगितलं होतं. दादांना कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती. पण आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. गेल्या रविवारी चामटोलीला चहा पिता पिता दादांनाच सांगून बसले, की वाद्यवाला आईच्या हाताची फार तारीफ करत होता.

दादांनी कप खाली ठेवला, पिशवीत दोन शर्ट भरले आणि ह्यांच्याबरोबरच आमच्याकडे निघून आले. तेव्हापासून इथंच आहेत. आईचा विषय निघाला की पेपर तोंडासमोर धरतात. आई म्हणते, मी कशाला बोलवू, पाय आहेत त्यांना. तू एक पत्र टाक. शिपायाचं तरी ऐकतील.

वैष्णवी आणि दाजी यांचा जयभीम. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
शीलाताई

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.,
दि. १४ फेब्रुवारी २००३

तीर्थरूप दादांस,
महेंद्रचा साष्टांग जयभीम.

मी खुशाल आहे. आपली प्रकृती जपावी. ताईच्या पत्रातून सगळं कळलं. गोदू गेल्याचं ऐकून इथं मेसमध्ये जेवण गेलं नाही. सोबतच्या पोरांना वाटलं घरात कुणी माणूस गेलं.

दादा, लहान तोंडी मोठा घास घेतो. जयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही मला खांद्यावर बसवून ढोलकीपुढं नाचायचा. त्या ढोलकीवर काय प्लास्टिक होतं? कुठल्या तरी शेळीचंच कातडं होतं ना? मग आपल्या गोदूचं असलं तर बिघडलं काय? इथं आमच्या एका साहेबानं आपल्या मेलेल्या कुत्र्याच्या अंगावरचे केस बायकोकडून कातून त्याचा मफलर करून घेतला आहे आणि तो गळ्यात घालून हिंडतो. कुणी हसत नाही. माणूस जीव लावतो, मग काहीतरी जवळ ठेवावंसं वाटतं. आईला माफ करा आणि घरी जा. तिच्या हातची भाकरी सोडून ताईच्या हातच्या चपात्या किती दिवस चावणार?

चुकलं असल्यास लेकराला पदरात घ्यावं.

आपला आज्ञाधारक,
महेंद्र

*

अंबरनाथ,
दि. २६ फेब्रुवारी २००३

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. ढोलकीवर कातडे असते हे मला ठाऊक आहे. मी खुळा नाही. पण ते कोणी काढले, कसे काढले, याचा विचार मी कधी केला नाही. करायचा नाही असे ठरवूनच केला नाही.

तू विचारलेस बिघडले काय, म्हणून लिहितो. मी लहान असताना गावात कोणाचेही जनावर मेले की आमच्या दारात हाक यायची. माझा बाप भाकरी टाकून उठायचा. जनावर ओढत गावाबाहेर न्यायचे, सोलायचे. आई बरोबर असायची. शाळेत मी शेवटी बसायचो, तरी पुढची पोरे नाक धरायची. छप्पन साली आम्ही धम्म घेतला. त्या आठवड्यात बापाने सुरी विहिरीत टाकली आणि पाटलाच्या दारात जाऊन सांगितले की तुमचे जनावर आता तुम्ही ओढा. त्याबद्दल आम्ही काय सोसले ते तुला सांगत नाही.

तुझ्या आईच्या माहेरी ते काम पुढेही काही वर्षे चालू राहिले. तिने लहानपणी ते केले आहे. लग्नाच्या वेळी मी तिच्या बापाला शब्द दिला होता, की तुमच्या मुलीच्या हातात आता ती सुरी येणार नाही. फॅक्टरीत डबल पाळ्या केल्या, पण शब्द पाळला. आणि तिने घरात मी नसताना ती सुरी परत धरली. कातड्याचे मला दुःख नाही. मी आयुष्यभर जे तिच्यापासून लांब ठेवले ते तिने स्वतः उचलून घरात आणले. मी खड्ड्यात काय ठेवतो आहे हेही मला सांगितले नाही. मग माझे इतक्या वर्षांचे काय झाले, ते तू मला सांग.

थंडीत छाती झाकून झोपत जा. तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,

तुझा बाप,
भीमराव

*

चामटोली,
दि. ९ मार्च २००३

वैष्णवीच्या आजोबांस,
सुंदराचा सविनय जयभीम.

तुम्ही लिवाया शिकवलं पण तुम्हालाच पत्र लिवायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. आक्षरं वाकडी हायेत. तुमच्या लेकाने तुमचं पत्र मला वाचाया पाठवलं. रागावू नका त्याला.

लपवलं ती माझी चूक. तुम्ही खड्डा करत होता तवा सांगायचं तोंडावर आलं होतं पण तुमच्या डोळ्यात पानी बगून थांबले. त्याची माफी मागते.

पन सुरी धरली त्याची माफी मागनार नाय. कसायाला दिली असती तर त्याने हसत सोलली असती. मातीत घातली असती तर संपली असती. मला तिचा आवाज घरात पायजे होता. मग दुसऱ्याचा हात मी तिला का लावू देऊ.

एक सांगते. तवा दुसऱ्याचं जनावर होतं आनि दुसऱ्याचा हुकूम होता. वर शिळं तुकडं टाकायची. आता जनावर माझं होतं. मला कुनी हाक मारली नाय. नको वाटलं असतं तर मी नसतं केलं. हे नाय म्हनायचं बळ तुमीच दिलं मला. तुमची इतकी वर्सं वाया गेली नायत.

पुडी आली हाय. ढोलकीवर चढवली पन वाजवू दिली नाय कुनाला. बाया जयंतीसाठी मागं लागल्यात. तुम्ही म्हनाल तर वाजंल, नायतर उतरवून गोदूच्या शेजारी पुरते. तुमच्या शब्दाबाहेर नाय.

तुमच्या जेवनाची काळजी लागती. जीव लावनारी,

सुंदरा

*

अंबरनाथ (पूर्व),
दि. १७ मार्च २००३

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

आधी तुझे कान उपटते. दादांचं पत्र आईला पाठवायचं हे शहाणपण तुला सुचलं कुठून? उलट झालं असतं तर तू तिथं बर्फात सुरक्षित आणि आम्ही इथं विस्तवावर. पण झालं ते बरंच झालं.

आईचं पत्र तुझ्या दाजींनी दादांच्या हातात दिलं आणि स्वतः दुकानाला पळाले. दादांनी ते वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. मग वैष्णवीला म्हणाले की आजीनं जोडाक्षरं चुकवली आहेत, तिची उजळणी घ्यायला हवी. त्यावरून मी ओळखलं, राग निवळायला लागलाय. काल सकाळी उठून दाढी केली आणि चल म्हणाले. बदलापूरला उतरून आम्ही रिक्षानं चामटोलीला गेलो. मला धाकधूक, की आता दादा ढोलकी उचलून फेकतात की काय.

घरी कुलूप होतं. आई विहारात होती. बायका टाळ्यांवर गात होत्या आणि ढोलकी कोपऱ्यात फडक्याखाली ठेवलेली. दादांना दारात बघून टाळ्या थांबल्या. आई उठून उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर घेतला, पण पुढं काही आली नाही. चांगुणामावशी उगाच चटया झटकायला लागली.

दादा आत गेले, वंदन केलं आणि ढोलकीपाशी जाऊन मांडी घालून बसले. फडकं काढलं. आपल्या दादांनी कधी कातड्याचा पट्टासुद्धा कमरेला लावला नाही हे तुला माहीत आहे. त्यांनी त्या पुडीवर तळवा ठेवला आणि काठावरून आतपर्यंत हळूहळू फिरवला. कितीतरी वेळ नुसता हात फिरवत होते. मग खिडकीकडे धरून उजेडात पाहिली. आणि आईकडे न बघता म्हणाले,

"कुठं सुरी लागली नाही. माझ्या आईचा हात असाच साफ होता."

महेंद्र, आपल्या आजीनं काय सोसलं ते दादांनी आपल्याला हजार वेळा सांगितलं आहे. तिच्या हातात एक कसब होतं, हे त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनाही ते म्हणून झाल्यावर कळलं असावं. मग फडकं परत न घालता त्यांनी ढोलकी बायकांपुढं सरकवली. गोदू गेली तेव्हा न रडलेली आई तिथंच भिंतीला टेकून ढसाढसा रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली.

रजा मिळवून जयंतीला ये. दादा आता चामटोलीलाच आहेत, तेव्हा पत्र तिकडेच टाक. आम्हा सगळ्यांची आठवण मनात असू दे.

तुझी,
शीलाताई