सहा चाकांची म्हैस आणि पितळी बूच

१२ जुलै १९८८, मंगळवार. शिंदखेडा

चेन पुन्हा तुटली. डाव्या बाजूची, मधल्या चाकाची. महिन्यात तिसरी. दुकानदार म्हणतो, "हवालदार, ही मोटरसायकलची चेन आहे, तुम्ही तिला नांगराला जुंपता." तिथेच त्याच्या गल्ल्यावर आपटून आलो. चूक त्याची नव्हती. तरी आपटली.

नवी वही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. सहा चाकं, सहाही इंजिनावर फिरणारी. स्टिअरिंग नाही, दोन दांडे. डावा ओढला की डावी चाकं थांबतात आणि गाडी डावीकडे वळते. खाली होडीसारखं पत्र्याचं बंद पोट. इंजिन भंगारातल्या तीनचाकी टेम्पोचं. फौजेत असताना असली एक गाडी पाहिली होती, चिखल तुडवत आली आणि तशीच नदीत उतरून पलीकडे गेली. तेव्हापासून डोक्यात बसली होती. पेन्शनीवर आल्यावर वर्कशॉप टाकलं, आणि दोन वर्षं झाली, हमीद वेल्डर आणि मी पत्रा ठोकतोय. लोक तिला म्हैस म्हणतात. आता मीही म्हणतो. (यापुढे म्है.)

१५ जुलै

चाचणी क्र. ४. सातपिंप्रीला, अक्काच्या शेतात. थोरली बहीण असल्याचा फायदा: शेत फुकट, जेवण फुकट, बोलणी वेगळी.

पहिला अर्धा तास नुसता मनस्ताप. काळी माती चाकं आणि पोट यांच्यामध्ये इतकी गच्च बसली की एकही चाक हलेना. खुरप्याने काढली. पुन्हा बसली. हमीद शांतपणे बिडी ओढत होता, त्याच्यावरच ओरडलो. तो म्हणाला, "हवा कम करके देखो ना भाई." टायरमधली निम्मी हवा सोडली. आणि चालली! गुडघाभर चिखल, पण वरून जाते, रुतत नाही. ओरडल्याबद्दल त्याला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

परतताना नाल्याच्या उतारात एक जीप धुऱ्यापर्यंत रुतलेली. धुळ्याहून आलेले साहेब, नाना (मेहुणे) त्यांना पुलाची जागा दाखवत होते. बारा वर्षं नानांचे अर्ज चालू आहेत. नाला भरला की सातपिंप्री तुटते, पोरांची शाळा बंद, कापसाच्या गाड्या अडकलेल्या. म्है.ने जीप ओढून काढली. साहेब भलतेच खूष. "हवालदार, अशी दहा वाहनं आपल्याला मिळाली तर?"

दहा! दिवसभर तोच आकडा डोक्यात. मूर्ख मी.

२३ जुलै

लाज. सातपिंप्रीच्या गावतळ्यात पहिल्यांदा उतरवली. पोटाच्या तळाला एक भोक ठेवलंय, आत आलेलं पाणी काढायला. त्याला पितळी बूच. कालच धुऊन पाणी काढलं, बूच काढून खिशात ठेवलं. आणि खिशातच राहिलं. तळ्याच्या मध्यावर पोचलो तेव्हा पाणी माझ्या कमरेला.

सगळं गाव काठावर. "हवालदारनी म्हैस पानी पेवाले बठनी!" पोरं, बाया, म्हातारे, कोण हसत नव्हतं? दोन बैलजोड्या लावून बाहेर काढली. बैल नानांचेच. नाना हसले नाहीत, तेवढंच काय ते.

इंजिन पूर्ण खोलावं लागेल. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

२४ जुलै

बूच आता किल्लीच्या साखळीत. बूच लावल्याशिवाय किल्ली सुटत नाही अशी सोय केली. हे बूच अक्काच्या मोडलेल्या समईच्या दांड्यातून लेथवर काढलंय, फेकून द्यायची नव्हती म्हणाली. दांडा जड, पितळ जुनं. चांगलं बसतं.

६ ऑगस्ट

चाचणी क्र. ७. आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली. सहा माणसांच्या वजनाची वाळूची पोती घातली, तळं आडवं ओलांडलं, पलीकडच्या चिखलातून वर, परत पाण्यात, परत अलीकडे. थेंबभर पाणी आत नाही. वेग मात्र फार नाही, पाण्यात माणूस काठाने चालत पुढे जाईल. चाकंच वल्ही, त्याहून काय होणार.

हमीदने टोपी हवेत फेकली. मीही हसलो असेन.

साहेब पाहायला आले होते. नानांनी त्यांना विचारलं, अगदी साधेपणाने: "साहेब, यामा मन्हा बैल बसतीन का?"

साहेब खो खो हसले आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मागून वाचलं: ग्रामस्थांचा प्रतिसाद उत्साही.

बैलांचं उत्तर दिलंच नाही.

११ ऑगस्ट

नाल्याला पूर. मुद्दाम गेलो. तळ्यात काय, कुणीही तरंगतं. खरी परीक्षा इथे.

एकटाच बसलो. पोती घातली नाहीत. हमीद काठावर दोर धरून. दहा हात गेलो आणि पाण्याने आडवी केली. चाकं फिरताहेत, दांडे ओढतोय, काही उपयोग नाही. दोनशे पावलं खाली गेलो. बाभळीत अडकली म्हणून आज हे लिहितोय. दोराने हमीदच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली. हळद भरून फडकं बांधलंय. वेल्डिंगचा माणूस तो, हातच गेले तर काय? रागावतही नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

संध्याकाळी साहेबांसाठी अहवाल लिहिला. दोन ओळी, मोजक्या: "चिखलात व साचलेल्या पाण्यात समाधानकारक. वाहत्या पाण्यात निरुपयोगी, जिवाला धोका."

१७ ऑगस्ट. धुळे

कचेरीत गेलो होतो. टायपिस्टच्या टेबलावर अहवालाची नक्कल होती, उलटी का असेना, वाचली. फौजेत उलटे नकाशे वाचलेत.

"चिखलात व पाण्यात समाधानकारक."

साचलेल्या गेलं. दुसरी ओळ गेली. खाली नवीन वाक्य: "सदर वाहन ही पर्यायी व्यवस्था उपलब्ध होत असल्याने सातपिंप्री नाल्यावरील पुलाची तूर्त आवश्यकता दिसत नाही."

तूर्त. बारा वर्षांत नानांना आलेल्या प्रत्येक उत्तरात हा शब्द आहे. त्यांनी ती सगळी उत्तरं पिशवीत जपून ठेवलीत. आता तेराव्या वर्षाचं तूर्त माझ्या गाडीमुळे.

साहेबांसमोर टेबलावर हात आपटला. म्हटलं, मी मरता मरता वाचलो, ते कुठे गेलं? ते म्हणाले, "हवालदार, तपशिलात शिरायचं नसतं. तुमचाच फायदा होतोय." म्हटलं, मी गाडी देत नाही. ते म्हणाले, "नका देऊ. झालेल्या चाचण्यांचा अहवाल आहेच की. ३० तारखेला मोठे साहेब तळ्यावर स्वतः बघणार आहेत, त्यांच्यासमोर आणलीत तर तुमचं नाव होईल, एवढंच." म्हटलं, तळ्यात कशाला, पुराच्या दिवशी नाल्यात घ्या. "मोठ्या साहेबांना पुराची वाट बघायला वेळ आहे का?"

बसस्टँडवर येईपर्यंत कानशिलं तापलेली. चहा घेतला तोही गार.

१८ ऑगस्ट

मोठ्या साहेबांना रजिस्टर पत्र टाकलं. सगळं लिहिलं, बाभळीसकट.

२२ ऑगस्ट, सोमवार

सातपिंप्रीत श्रावणातल्या कानबाई देवीचं विसर्जन. बाया डोक्यावर कानबाई घेऊन नाल्यावर. पाणी ओसरलेलं, घोट्याएवढं. मीही गेलो. कचेरीतलं नवं तूर्त घरी पोचलेलं असणार, अक्का बोलेना. मी तीनदा हाक मारली.

शेवटी नाल्याच्या काठी थांबली, पदर खोचला आणि सगळ्या बायांसमोर, नानांकडे हात करून म्हणाली, "भाऊ, बारा वरीसपासून ह्या कागद लिखी राहिनात. तुनी म्हैस पास व्हयनी ते आम्हना पूल बुडना. इतलं ध्यानमा ठेव."

म्हटलं, मी काय करू, मी खरं तेच लिहून दिलं होतं.

"तू मना भाऊ शे का साहेबना?"

नाना मध्ये पडले, जाऊ दे म्हणाले. मला त्यांचाच राग आला. ओरडत का नाहीत एकदा? बारा वर्षं नम्र विनंती, नम्र विनंती. त्या पिशवीसकट कचेरीत जाऊन बसले असते तर...

नको. राग त्यांचा नाही.

२५ ऑगस्ट

उत्तर आलं. "आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे." सही वाचता येत नाही.

२७ ऑगस्ट

राखी नाही आली. मी फौजेत होतो, लडाखला, तेव्हाही पोचायची.

२८ ऑगस्ट

हमीदशी भांडण. मी म्हटलं, तळ्यात बुडाली तर? मोठ्या साहेबांच्या डोळ्यांसमोर बुडाली तर कुठला कागद तिला पर्यायी म्हणेल?

त्याने बिडी विझवली. मग त्याने बरे होत आलेले तळवे पुढे केले. "दो साल, भाई. एक एक टाका मैंने मारा है. जान-बूझ के डुबाओगे?"

म्हटलं, बुडाल्यावरसुद्धा पूल होईल याची काय खात्री? दुसरं काहीतरी तूर्त काढतील. मग म्है. गेली आणि पूलही गेला. आपलं नाव तेवढं वाजेल, हवालदाराची म्हैस पाणी प्यायली म्हणून.

म्हणजे त्याने जे म्हणायला हवं होतं ते मीच म्हटलं.

आणि एक, या वहीत तरी खोटं नको. मला ती पास व्हायला हवी आहे. काठावर टाळ्या वाजाव्यात असं वाटतं. अक्काचा चेहरा आठवतो तरी वाटतंच. या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो.

३० ऑगस्ट, सकाळ. सातपिंप्री तळं

मांडव घातलाय. खुर्च्या, पाण्याचे जग, साहेबांसाठी छत्री धरायला एक शिपाई वेगळा. म्है.ला झेंडूची माळ. कुणी घातली विचारलं, तर कचेरीतून सूचना होती म्हणे.

मोठे साहेब नऊ वाजता आले. सरळ त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, पत्र मिळालं का? नाल्याचं पाणी आणि तळ्याचं पाणी एक नाही, साहेब. त्यांनी पाठीवर थाप मारली. "छान, छान. आधी बघू तर." थाप अजून पाठीवर जाणवते.

वाळूची पोती भरलीत. माणसं बसवायला मी नाही म्हटलं, एकटाच जाणार. पोहता येतं मला. पाणी मध्यावर छातीएवढं.

पलीकडच्या बांधावर गावच्या बाया. अक्का मधोमध उभी, हातात काही नाही, इकडे बघतही नाही. नाना मांडवाच्या कोपऱ्यात ती पिशवी घेऊन बसलेत. त्यांना खुर्ची दिलेली नाही, जमिनीवर बसलेत. मी स्वतः खुर्ची नेऊन दिली तर "राहू दे, राहू दे" करत हात जोडले. कुणाला जोडले, मला? म्है.ला?

चाकामागे उभा राहून हे लिहितोय. किल्ली साखळीतून सोडवली, काल मीच कानसीने कडी कापून ठेवली होती. बूच वरच्या खिशात आहे. जड लागतं. समईचं पितळ.

साहेब शिट्टी वाजवतात. माईकवर माझं नाव, आडनाव चुकवून.

हमीद जवळ आला. तळाकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. हळूच विचारलं, "बूच लगाया?"

म्हटलं, तूर्त नाही.