मुंगीएवढी अक्षरं

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

माकणी,
ता. १२ जानेवारी १९८६

चि. सोमलिंगास आज्जी रुद्रम्माचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

सोलापूरला जाऊन दोन वर्षं झाली न्हाईत, तर आपल्या आज्जीला अक्षर येत न्हाय हेच विसरलास व्हय रे? म्या पोथी मागितली आणि तू चष्मा पाठवलास. नाकावर चढवून बघितला. ज्वारीतले खडे तेवढे मोठे दिसले. तुझ्या अप्पानं लावला तर त्याला बारीक अक्षर लख्ख दिसाया लागलं, म्हणून त्यालाच देऊन टाकला. आता पोथीचं बघ.

कशाला पाहिजे ते नीट सांगते. हे पत्र तुझी गिरिजाअक्काच लिहितेय आणि गोष्ट तिचीच आहे, म्हणून मधेच हात थांबवतेय. म्या तिला म्हटलं, सांगते तसं लिही. गिरिजाचा नवरा वारून तीन वर्षं झाली. लोहाऱ्याच्या दूध सोसायटीत फॅट मोजणारा बंडप्पा, त्याची बायको बाळंतपणात गेली, त्यानं गिरिजाला मागणी घातली. माणूस सरळ आहे. दुधात पाणी निघालं तर पाटलाचाही कॅन परत पाठवतो. तुझ्या अप्पानं त्याला ओसरीवरनंच वाटेला लावलं, तांब्याभर पाणीसुद्धा विचारलं न्हाय. वर मला सांगतो की आपल्या धर्मात हे बसत न्हाय, शरणांच्या वचनातच तसं आहे.

मला लई राग आला. वचनं माझ्या आईनं कन्नडातनं म्हणून घेतली, ती तोंडपाठ आहेत, पण ती जुनी कन्नड मला निम्मीच कळते. अर्थ आधी तुझा आजा सांगायचा, त्याच्या मागं तुझा अप्पा सांगतो. तवा चार माणसं बसली असताना म्या त्याला म्हटलं की आता तुझ्या तोंडचा अर्थ नको, छापलेला आण. वर वचन, खाली मराठी अर्थ, त्याच्याखाली टीप. रोज दिवेलागणीला माझ्यासमोर वाच, आणि गिरिजाचं पोथी म्हणंल तसं करू. माणसांसमोर त्याला न्हाय म्हणता येईना. व्हय म्हणून बसला.

म्हणजे आता सगळं तुझ्या निवडीवर आलं. सोनेरी पुठ्ठा बघून भुलू नकोस, आत काय आहे ते बघ. दुष्काळात इथलं दूध पातळ झालंय, तिथं तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आज्जी
(अंगठा)


माकणी,
ता. १७ जानेवारी १९८६

चि. सोमलिंग यास अप्पाचे आशीर्वाद.

अव्वानं तुला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. एका घरात राहून मला काही कळत नाही असं त्या दोघींना वाटतं. पोथी घे, माझी ना नाही. पण टिपा सगळ्या शेवटी एकत्र छापलेली असते ती घे. टिपा मागं असल्या की मागंच राहतात.

मार्चमध्ये कारखान्याची निवडणूक आहे. मी उभा आहे, समोर धोंडप्पाचं पॅनेल आहे. विधवा लेकीचं लग्न लावलं तर तो गावोगाव दुसरं काही बोलणार नाही. आणि निवडणूक सोडून दे. गिरिजा डोळ्यांसमोर आहे तोवर मला झोप लागते. एकदा दिली आणि तशी परत आणली. पुन्हा द्यायचा जीव माझ्यात नाही.

ह्या पत्रातलं अव्वाला काही कळवायचं नाही. विहिरीनं तळ गाठलाय, ऊस अर्धा मोडून जनावरांना घातला. पैसा जपून खर्च कर आणि घराची आठवण ठेव.

विरुपाक्ष


सोलापूर,
ता. २ फेब्रुवारी १९८६

ती. आज्जीस साष्टांग शरणु, वि. वि.

चष्म्याबद्दल कान धरतो. मामाच्या लग्नातल्या गडबडीत दुसऱ्या कुणाचं मागणं तुमच्या नावावर गेलं असेल, असं लिहिणार होतो. पण मला मामाच नाही, हे तुम्ही लगेच काढलं असतं. पोथी वाचायला आधी चष्मा लागेल असं वाटलं आणि तुम्हाला अक्षर येत नाही हेच विसरलो, एवढंच खरं.

पोथ्या बघायला दोनदा गेलो. दुकानात दोन होत्या. एक काळ्या पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची, हातात घेतली की आपणच स्वामी झाल्यासारखं वाटतं. तिच्यात वचनावर नुसता आकडा, आणि टिपा शेवटी. मी एक टीप शोधायला मागं गेलो आणि परत येईपर्यंत वचन हरवलं. दुसरी दिसायला ओबडधोबड, कागद खरबरीत, पण प्रत्येक वचनाखाली अर्थ आणि अर्थाखाली बारीक टाइपात टीप. टिपा कुणा निवृत्त मास्तरांच्या आहेत. माणूस रागीट असावा. तुमचं जमलं असतं.

अप्पांनी मला पहिली घ्यायला लिहिलं होतं. मी दुसरी घेतली आणि पार्सल आजच्या एसटीनं पाठवतोय. पहिली संपली होती असं मी अप्पांना कळवलंय. आज्जी, एवढं खोटं तुम्ही उघडं पाडू नका. अप्पांसमोर उभं राहून बोलायचं माझ्यानं होत नाही, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

एक टीप वाचून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. कोणती ते सांगत नाही. अप्पांच्याच तोंडून ऐका. गिरिजाअक्काला सांगा की तिच्या भावाला अगदीच विसरायचं नाही. आपली मायेची नजर असू द्यावी.

आपला नातू
सोमलिंग


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

माकणी,
ता. २० फेब्रुवारी १९८६

चि. सोमलिंगास आज्जीचे आशीर्वाद. ह्या खेपेला अनेक न्हाईत, थोडेच आहेत. का ते पुढं कळंल.

पोथी पोचली. ओबडधोबड आहे, पण मला आवडली, माझ्यासारखीच आहे. तुझा अप्पा रोज वाचाया बसला. म्या बघत होते. वचन मोठ्या अक्षरात असतं, त्याला तो चष्मा लावत न्हाय. बारीक अक्षर आलं की खिशातनं काढून लावतो. मोठं ते वचन, बारीक ती टीप, एवढं मला लांबनं कळाया लागलं. तुझ्या चुकीच्या चष्म्यानं मला तेवढं शिकवलं.

परवा एक पान निघालं. वर वचन, आणि खालचं अर्धं पान मुंग्या लागल्यासारखं गच्च. त्यानं वचन वाचलं. गळ्यात इष्टलिंग धारण केलेल्याला सुतक न्हाय, असा त्याचा भाव. आणि चष्म्याला हात न लावता पान उलटलं. म्या विचारलं, मुंग्यांचं काय. तर म्हणाला, छापखान्याचा पत्ता आहे. अरे, पोथीच्या मधोमध पत्ता? तेवढ्यात अख्खा तालुका मावला असता.

म्या पोथी ओढून घेतली आणि गिरिजाला चुलीपासून उठवलं. हाताला पीठ तसंच. तिनं वाचलं. मास्तरनं लिहिलंय की सुतक न्हाय म्हणजे वैधव्याचंबी सुतक न्हाय. अंगावर लिंग असलेल्या बाईला जो अशुभ म्हणतो, त्याला वचन कळलंच न्हाय. तिनं पुन्हा संसार मांडला तर धर्माची आडकाठी न्हाय. गिरिजानं खालचं मास्तरचं नावबी वाचलं.

आणि तुझा अप्पा काय म्हणाला ते ऐक. म्हणाला की टीप म्हणजे पोथी न्हाय, कुण्या मास्तराचं मत आहे, आणि आपण कबूल केलं होतं ते पोथीचं. माझ्या अंगाची लाही झाली. म्या म्हटलं, मग इतकी वर्षं तू आणि तुझा बाप मला अर्थ म्हणून सांगत होता ते काय होतं? तीबी टीपच. नुसती छापली नव्हती. मास्तरच्या टिपंखाली त्याचं नाव आहे, उद्या जाऊन त्याला जाब विचारता येईल. तुमच्या टिपंला नाव न्हाय, गाव न्हाय, आणि तिच्यावर ही पोर तीन वर्षं हळदीकुंकवाला दाराआड बसली. मतं नकोत म्हणतोस ना, मग नुसतं वचन घे. सुतक न्हाय, एवढंच वचन. ह्या घरात तीन वर्षं काय चाललंय, ते सांग.

तो उठून मळ्यात गेला. तेव्हापासून भाकरी तिकडंच मागवतो.

आता तुझं. तू ती टीप स्टुलावर बसून वाचलीस आणि मला लिहिली न्हाईस. बापाच्या तोंडून ऐका म्हणे. त्याच्या तोंडून मला छापखान्याचा पत्ता ऐकाया मिळाला. तू चार ओळी लिहिल्या असत्या तर पोरीला पिठाच्या हातानं बापासमोर आपलं भाग्य वाचावं लागलं नसतं. तुझं खोटं म्या झाकलं, पण तुझ्या भित्रेपणावर माझा राग आहे, आणि तो पत्रानं जाणार न्हाय. समोर येऊन उभा राहा.

बंडप्पाला बोलावून घेतलं. ह्या वेळी पाणीबी दिलं आणि चहाबी. लग्न दोन मार्चला, निवडणुकीच्या आधी. मागनं लावलं तर लपवून लावलं म्हणतील. धोंडप्पाला काय बोलायचं ते बोलू दे. विचारलं कुणी तर म्या पान काढून दाखवीन, मुंग्यांची जागा मला पाठ झालीय.

(हे आज्जी सांगत नाहीत, मी लिहिते. मला अजून कुणीच विचारलेलं नाही, म्हणून तुलाच सांगते, माझी हरकत नाही. अप्पांना मळ्यात भाकरी मीच नेते. बोलत नाहीत, पण भाकरी घेतात. गिरिजा.)

काय लिहिलं ते तिनं वाचून दाखवलं न्हाय, म्हणजे माझ्याबद्दल असणार. असू दे. ती लोहाऱ्याला गेली की मला वाचून दाखवणारा पुन्हा तुझा अप्पाच. पोथी अजून निम्मी राहिलीय, ती म्या सोडणार न्हाय. आता त्यानं वाचाया बसायचं ते चष्मा लावूनच.

तू आदल्या दिवशी ये. अप्पाला आणाया मळ्यात तूच जायचं, म्या जाणार न्हाय. येताना शेंगाची चटणी आणू नकोस, तिखट ह्या घरात सध्या लई झालंय. लग्नाच्या हुग्गीच्या खिरीसाठी खपली गहू मात्र पत्र पोचताच एसटीनं पुढं पाठव, कांडाया दोन दिवस लागतात. आणि माणसं मोजताना तुझ्या अप्पाचं ताट धर. रुसला की तो हुग्गी दोनदा वाढून घेतो.

आज्जी
(अंगठा)